पहिल्या धड्याचे रचनाकार

गिटार म्हटले की आमच्या बहुतेक वाचकांस आठवते ती मांडीवर आडवी ठेवून, पोलादी कांडी फिरवून चित्रपटगीते आळविणारी हवाईयन गिटार. आमचा विषय ती नव्हे. युरोपात जिला अभिजात गिटार म्हणतात, ती सहा तारांची, केवळ बोटांनी छेडावयाची गिटार आणि तिच्या नवशिक्यांसाठी ज्यांनी लहान लहान रचना लिहिल्या ते विस्मृतप्राय संगीतकार, यांच्याविषयी आम्हांस लिहावयाचे आहे. संगीताच्या मोठ्या इतिहासग्रंथांत त्यांची नावे शोधूनच काढावी लागतात. हे वाद्य शिकू लागलेल्यांपैकी असंख्यांची बोटे मात्र प्रथम वळली ती त्यांच्याच रचनांवर.

या लेखनाला एकाएकी एवढा बहर एका विशिष्ट काळातच का आला, याचे उत्तर पुष्कळसे वाद्याच्या घडणीतच आहे. अठराव्या शतकात गिटारीस बहुधा तारांच्या पाच जोड्या असत, आणि तिचे संगीत पुष्कळदा स्वरांत न लिहिता कोणत्या तारेवर कोणता पडदा दाबावा हे दाखविणाऱ्या खुणांनी लिहिले जाई. १८०० च्या सुमारास जोड्या जाऊन सहा एकेरी तारा आल्या आणि पाच रेषांवरचे स्वरलेखन रूढ झाले. मुरलेले वादकही एका अर्थी पुन्हा बिगरीत जाऊन बसले! त्यातच पॅरिस व व्हिएन्ना येथील मध्यमवर्गीय घरांत या वाद्याची हौस पसरली. पियानोच्या मानाने ते स्वस्त, हलके आणि गाण्याच्या साथीस सोयीचे. शिक्षकांना शिकवण्या मिळू लागल्या आणि प्रकाशकांना गिऱ्हाईक.

या लाटेवर पॅरिसमध्ये नाव मिळविलेला पहिला मोठा शिक्षक म्हणजे नेपल्सचा फेर्दिनांदो कारुल्ली (१७७०–१८४१). लहानपणी तो एका धर्मगुरूपाशी चेलो शिकला. गिटारीस मात्र त्याला गुरू मिळाला नाही, ती तो आपली आपणच शिकला. १८०८ मध्ये तो पॅरिसला आला आणि दोनेक वर्षांत त्याचे शिक्षणपुस्तक, कृतिक्रमांक २७, प्रसिद्ध झाले. त्याच्या छापील कृतींचे क्रमांक साडेतीनशेच्या पुढे जातात. त्याच्या अवघड रचना प्रकाशक परत करीत, कारण हौशी गिऱ्हाईकास त्या झेपणाऱ्या नव्हत्या, असे सांगतात. बाजाराने कलावंताचा कोंडमारा केला असा शेरा यावर सहज मारता येईल. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो. ज्याला स्वतःला कोणी वाट दाखविली नाही, त्याने दुसऱ्यांसाठी वाट इतकी बारकाईने आखावी, हे निव्वळ प्रकाशकाच्या तगाद्याने घडत नाही.

या रचनांतील युक्ती पाहण्याजोगी आहे. त्यांतील पुष्कळशा 'ए मायनर' या स्वरसप्तकात आढळतात, ते उगाच नव्हे. त्या सप्तकाला लागणारे तीन मुख्य खर्जस्वर गिटारीच्या जाड तारा मोकळ्या सोडल्या तरी वाजतात. म्हणजे अंगठ्याने मोकळी तार छेडली की आधार सिद्ध झाला. डाव्या हाताची सारी बोटे वरच्या सुरावटीस मोकळी राहिली. आठच दिवस वाद्य हाती धरलेल्या माणसाला एकाच वेळी दोन पदर वाजल्याचा आनंद मिळतो! आमच्याकडील अलंकार-पलटे बोटे व गळा घडवितात, परंतु ते मैफलीचे गाणे असल्याचा दावा करीत नाहीत. कारुल्लीची सोळा-वीस मात्राखंडांची नृत्यधून मेहनतही करवून घेते आणि पाहुण्यांपुढे वाजविताही येते.

फ्लॉरेन्सहून पॅरिसला येऊन राहिलेल्या मातेओ कार्कास्सीने (मृत्यू १८५३) ही वाट आणखी पुढे नेली. त्याच्या पंचवीस अभ्यासरचना (कृतिक्रमांक ६०) आजही शिकविल्या जातात. त्यांतील तिसरी आम्हांस विशेष प्रिय आहे. खाली स्वरसंगतीचे तुकडे अखंड झुळझुळत असतात आणि त्यांवर एक संथ सुरावट तरंगत जाते. ती ऐकू यावयाची तर एकाच बोटाचा आघात इतरांहून किंचित वजनदार हवा. कार्कास्सी हे शब्दांत सांगत बसत नाही. तसे न वाजविल्यास रचना बेचव लागते, एवढीच त्याची शिक्षा.

आता नावाची गोष्ट. व्हिएन्नामध्ये वेन्झेस्लाउस माटिएग्का (१७७३–१८३०) नावाचा गिटारशिक्षक होता. शिकाऊंसाठी क्रमाने अवघड होत जाणाऱ्या सोनाटा लिहिणारा. त्याने बासरी, व्हायोला व गिटार यांसाठी केलेली एक रचना १८०७ मध्ये छापली गेली. १८१४ मध्ये तरुण शूबर्टने तिला चेलोचा भाग जोडला. पुढे शूबर्टच्या हस्ताक्षरातील प्रत सापडली आणि १९२६ मध्ये ती शूबर्टचीच कृती म्हणून प्रसिद्ध झाली. माटिएग्काची मूळ छापील प्रत १९३१ च्या सुमारास उजेडात आली, तेव्हा कोठे खरा धनी कळला. मसुदा एकाचा आणि सही दुसऱ्याची, हा प्रकार आम्हां कारकुनांना नवा नाही. मात्र येथे सही करणाऱ्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. गंमत अशी की, जोवर ती शूबर्टची होती तोवर रसिकांना तीत प्रतिभा दिसत होती. माटिएग्काची ठरल्यावर तिचे स्वर काही बदलले नव्हते.

व्युर्झबुर्गच्या योसेफ क्युफनरचे (१७७६–१८५६) तेच झाले. त्याची क्लॅरिनेटची एक रचना १९४३ मध्ये वेबरच्या नावाने छापली गेली आणि बरीच वाजविली गेली. याच क्युफनरने दोन गिटारींसाठी अगदी सोपे युगुलवादनाचे धडे लिहिले आहेत. त्यांत शिष्याने एकेक स्वर वाजवीत सुरावट न्यावयाची आणि गुरूने खाली साथ धरावयाची. ते मैफलीत कोणी वाजवीत नाही. पण शिकवणीच्या खोलीत ते अजून वाजतात, आणि त्या पानांवर नाव क्युफनरचेच आहे.