धूमकेतू, अशनी आणि लघुग्रह : खानदेशातील नोंदी व नेहमीचे प्रश्न

सूर्याभोवती आठ ग्रहांखेरीज असंख्य लहान पिंड फिरतात. बर्फ आणि धुळीचे बनलेले ते धूमकेतू. मुख्यतः खडकाचे किंवा धातूचे ते लघुग्रह. यांचा चुरा पृथ्वीच्या वातावरणात वेगाने शिरून प्रकाशतो तेव्हा उल्का दिसते, आणि त्यातला जो तुकडा जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे मिळून होणाऱ्या खानदेशात निदान दोन अशनी पडल्याची नोंद जगाच्या अशनीसूचीत आहे. खानदेशातल्या शाळकरी मुलाला हॅलेचा धूमकेतू ठाऊक असतो, पण हे दोन दगड ठाऊक नसतात. म्हणून ही नोंद त्यांच्यापासून सुरू होते.

माणेगावचा अशनी : १८४३ साली एदलाबादजवळच्या माणेगाव येथे हा दगड पडला. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर, जिल्हा जळगाव. वृत्तांत बंगालच्या एशियाटिक सोसायटीपर्यंत गेला, तुकडे कोलकाता व लंडन येथे पोचले. १८७० च्या सुमारास ब्रिटिश म्युझियममधील खनिजतज्ज्ञ नेव्हिल स्टोरी मॅस्कलिन यांनी त्याच्या खनिजांचे परीक्षण प्रसिद्ध केले. दगड ठिसूळ होता. आज जगभरच्या संग्रहांत मिळून त्याचे जेमतेम ४० ग्रॅम उरले आहेत.

हे ४० ग्रॅम मोलाचे आहेत. पडताना पाहिलेले बहुतेक अशनी साध्या दगडी जातीचे असतात. माणेगावचा दगड ‘डायोजेनाइट’ या दुर्मीळ गटातला आहे. मोठ्या पिंडाच्या पोटात शिलारस सावकाश निवून जो खडक तयार होतो तो हा. १९७० मध्ये या कुळातल्या अशनींवरून परावर्तित होणारा प्रकाश आणि ‘व्हेस्टा’ या लघुग्रहावरून येणारा प्रकाश यांच्यातले साम्य लक्षात आले. व्हेस्टाचा व्यास सुमारे ५२५ किलोमीटर. नासाचे ‘डॉन’ यान जुलै २०११ ते सप्टेंबर २०१२ या काळात त्याच्याभोवती फिरले, तेव्हा दक्षिण ध्रुवाकडे सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे प्रचंड विवर स्पष्ट दिसले. कधीकाळच्या अशाच आघातांनी उडालेले तुकडे भटकत भटकत पृथ्वीवर येतात, असे आज बहुतेक संशोधक मानतात. ऑल्बर्स यांनी व्हेस्टा शोधला तो १८०७ मध्ये. त्यानंतर अवघ्या ३६ वर्षांनी बहुधा त्याचाच एक तुकडा तापीखोऱ्यात पडला, आणि हे नाते उमगायला पुढे सव्वाशे वर्षे जावी लागली. कोणीतरी तो दगड जपून ठेवला, म्हणूनच ते उमगू शकले.

धुळ्याचा अशनी : २७ नोव्हेंबर १८७७ रोजी धुळ्याजवळ पडलेला हा दगड सूचीत ‘भगूर’ या नावाने येतो, ‘धुलिया’ हे त्याचे दुसरे नाव. तो साध्या दगडी गटातला, कमी लोह असलेला आहे. शिल्लक फारच थोडी.

काळा दगड सापडला, तो अशनी असेल का? : खानदेशात हा प्रश्न फार वेळा येतो आणि उत्तर जवळजवळ नेहमीच ‘नाही’ असे असते. पायाखालची जमीन बेसॉल्टची म्हणजे काळ्या कातळाची आहे. पुस्तकांत लोहचुंबकाची परीक्षा सांगितलेली असते, पण आपल्या काळ्या दगडातही मॅग्नेटाइट असल्याने तो चुंबकाला थोडाफार ओढला जातो. इथे ती परीक्षा फसवते. शिवाय खऱ्या अशनीला चुंबक लावला तर त्याच्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते, त्यामुळे तो लावूच नये. दगडाला बुडबुड्यांसारखी छिद्रे असतील तर तो बहुधा बेसॉल्ट किंवा भट्टीतला लोहकीट असतो. ताज्या अशनीवर वितळून थिजलेले पातळ काळे कवच असते, कडा बोथट असतात, आतला रंग बहुधा फिकट राखाडी दिसतो आणि आकाराच्या मानाने वजन जास्त भरते. तो जमिनीवर पडतो तेव्हा लालबुंद असतो ही समजूत चुकीची आहे. पृष्ठभाग काही क्षणच वितळतो, आतला भाग अंतराळातल्या थंडीतून आलेला असतो, आणि शेवटचे काही किलोमीटर तो वेग गमावून नुसता खाली पडत असतो.

काळा कातळ आणि लघुग्रह : दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्याच काळात आजच्या मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे सुमारे १० किलोमीटरचा लघुग्रह आदळला व १८० किलोमीटरच्या आसपास रुंदीचे विवर पडले. डायनोसॉर नाहीसे झाले ते त्या आघाताने, असे बहुतांश शास्त्रज्ञ मानतात. दख्खनच्या ज्वालामुखींचा वाटा किती, यावर अजून वाद आहे. सातपुडा व अजिंठ्याच्या डोंगरांमधले आपले शेत त्या वादातला पुरावा आहे, हे भूगोल शिकवणाऱ्याने वर्गात जरूर सांगावे. याच कातळात, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे धरत. २०११ मधील आर्गॉन पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५.७ लाख वर्षे आले. बेसॉल्टमधली आघातविवरे पृथ्वीवर फार थोडी, त्यामुळे चंद्र व मंगळ यांचे अभ्यासक लोणारला येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

धूमकेतू म्हणजे नेमके काय? : गाभा काही किलोमीटरचा असतो. हॅलेच्या धूमकेतूचा गाभा सुमारे १५ किलोमीटर लांब असल्याचे १९८६ मध्ये ‘जॉटो’ यानाने दाखवले, आणि तो कोळशासारखा काळा निघाला. सूर्याजवळ येताना बर्फाची थेट वाफ होते, धूळ सुटते, भोवती धूसर शिखा तयार होते आणि शेपट्या फुटतात. धुळीची शेपटी पिवळसर व वळलेली असते, विद्युतभारित वायूची निळसर व सरळ. दोन्ही सूर्याच्या विरुद्ध दिशेला राहतात. म्हणून सूर्यापासून दूर जाताना धूमकेतूची शेपटी त्याच्या पुढे असते. दोनशे वर्षांपेक्षा कमी काळात परतणारे धूमकेतू बहुधा नेपच्यूनपलीकडील पट्ट्यातून येतात. दीर्घ काळाचे त्याहून कितीतरी दूरच्या ऊर्ट मेघातून येतात. तीन पिंड तर सूर्यमालेबाहेरून आलेले आढळले आहेत : २०१७ चा ‘ओमुआमुआ’, २०१९ चा ‘बोरिसोव्ह’ आणि १ जुलै २०२५ रोजी सापडलेला ‘३आय/ॲटलस’.

पृथ्वीवरचे पाणी धूमकेतूंनी आणले का? या प्रश्नावर ‘रोझेटा’ यानाने २०१४ मध्ये मोठा प्रकाश टाकला. ६७पी या धूमकेतूच्या पाण्यातले जड हायड्रोजनचे प्रमाण आपल्या समुद्राच्या सुमारे तिप्पट निघाले. त्यामुळे संशयाची सुई सध्या लघुग्रहांकडे अधिक वळली आहे.

पाटणचा शिलालेख आणि केतू : चाळीसगावजवळच्या पाटण येथे, पाटणादेवीच्या परिसरात, शके ११२८ च्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील मांडलिकांनी त्याला दान दिले, असे त्यात नोंदले आहे. १८६५ मध्ये भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. त्या मठात शिकवला जाणारा ‘सिद्धांतशिरोमणी’ ग्रह, ग्रहणे, उदयास्त यांचे गणित देतो. धूमकेतूंसाठी मात्र त्यात अध्याय नाही. कारण सहाव्या शतकातल्या वराहमिहिराकडे सापडते : केतूंचा, म्हणजे धूमकेतूंचा, उदय व अस्त गणिताने कळत नाही, असे तो बृहत्संहितेत स्वच्छ सांगतो. गणितात न बसणारी गोष्ट शकुनाच्या वाट्याला गेली. (नवग्रहांतला केतू वेगळा : तो चंद्रमार्गाचा छेदनबिंदू आहे, दिसणारा पिंड नव्हे.)

हे कोडे सुटले ते जुन्या निरीक्षणांमुळे. १५३१, १६०७ व १६८२ चे धूमकेतू एकच असल्याचे एडमंड हॅले यांनी ओळखले आणि १७५८ चे पुनरागमन वर्तवले. त्या वर्षाच्या २५ डिसेंबरला तो दिसला. आपल्याकडेही पाहणारे होते. १६१८ चा धूमकेतू जहांगीर बादशहाने आत्मवृत्तात नोंदवला, तर त्याच वेळी गोव्यात किर्विट्झर या जेझुइट पाद्र्याने धूमकेतूंची निरीक्षणे केली. ती १६२० मध्ये छापली गेली.

धूमकेतू अरिष्ट आणतो का? : नाही. एक तारीख पाहावी. छत्रपती शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी झाले. त्या वर्षीचा प्रचंड धूमकेतू सापडला नोव्हेंबरमध्ये, म्हणजे सात महिन्यांनी. त्याच धूमकेतूच्या कक्षेचा उपयोग न्यूटन यांनी गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताची पडताळणी करताना केला. १९६५ चे उदाहरणही तसेच. भारत-पाकिस्तान युद्धविराम २३ सप्टेंबरला झाला आणि ‘इकेया-सेकी’ हा धूमकेतू सूर्याजवळून तळपत गेला २१ ऑक्टोबरला. १९१० मध्ये हॅलेच्या शेपटीतून पृथ्वी जाणार म्हणून विषारी वायूची भीती जगभर पसरली होती. शेपटी इतकी विरळ असते की काहीच झाले नाही. जयंत नारळीकर यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत शास्त्रज्ञ धूमकेतूची टक्कर टाळतात आणि घरचे लोक श्रेय देतात ते होमहवनाला. ती कथा आजही शाळेत वाचून दाखवावी अशी आहे.

झपकन गेला तो धूमकेतू होता का? : नव्हे. धूमकेतू ताऱ्यांसारखाच एका जागी दिसतो. त्याचे सरकणे दुसऱ्या-तिसऱ्या रात्री कळते. क्षणात विझते ती उल्का, तिचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भापासून खानदेशापर्यंत हजारोंनी जळत्या तुकड्यांची जी रांग पाहिली, ती चिनी अग्निबाणाच्या टप्प्याची होती. त्याचे मोठे धातूचे कडे चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे पडले. इतके सावकाश, इतका वेळ आणि जवळपास आडवे जाणारे दृश्य दिसले, तर ते बहुधा मानवनिर्मित वस्तूचेच असते.

टक्कर होईल का? : १९९४ च्या जुलैत ‘शूमेकर-लेव्ही ९’ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हा असे घडते हे जगाने दुर्बिणीतून पाहिले. ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाच्या २०३२ मधील टकरीची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांवर गेली. संभाव्य पट्ट्यात मुंबईचे नाव आल्याने मराठी घरांत धास्ती पसरली. अधिक निरीक्षणे होताच पृथ्वीला असलेला धोका जवळपास शून्यावर आला. नव्या लघुग्रहांच्या बाबतीत पहिले आकडे असेच चढतात आणि मग उतरतात. ‘अपोफिस’ १३ एप्रिल २०२९ रोजी सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून निर्धोक जाईल. २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘डार्ट’ यानाने दुसऱ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फस या लहान पिंडाला धडक देऊन त्याचा परिभ्रमणकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटवला. म्हणजे उपायही हाताशी येतो आहे.

प्लूटोचे काय झाले? : २४ ऑगस्ट २००६ पासून तो बटुग्रह आहे. सिरीस, हौमिया, माकेमाके व एरिस हे त्याचे सोबती.

खानदेशातून काय दिसते? : जून ते सप्टेंबर आकाश ढगांचे. हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळ परत येईल तो २८ जुलै २०६१ रोजी, ऐन पावसाळ्यात. त्याची धूळ मात्र दरवर्षी भेटते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पहाटे दिसणारा ईटा-कुंभ उल्कावर्षाव हॅलेचाच आहे, आणि त्या उकाड्यात इथली माणसे गच्चीवर, अंगणात खाटा टाकून झोपलेली असतात. पहाटे साडेतीननंतर आग्नेय-पूर्वेकडे पाहावे. डिसेंबरच्या १३-१४ तारखेचा मिथुन उल्कावर्षाव त्याहून भरघोस असतो आणि तो फेथॉन या लघुग्रहाच्या चुऱ्याचा आहे. तोरणमाळ, रावेर तालुक्यातील पाल आणि पाटणादेवी येथे अजून अंधार चांगला मिळतो.

अशनी पडताना दिसला तर : वेळ, दिशा, आवाज किती वेळाने आला हे लगेच लिहून ठेवावे. दगड धुऊ नये, फोडू नये, त्याची पूजा करून शेंदूर-तेल लावू नये. जागेवरच फोटो घ्यावा, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. देशातले अशनी सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे आहे. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे भरदुपारी अशनी पडले, तेव्हा लोकांनी तुकडे दाखवले म्हणूनच अभ्यास होऊ शकला. आणखी एक विनंती मुक्ताईनगर व धुळे परिसरातील जुन्या घराण्यांना. १८४३ किंवा १८७७ च्या मोडी कागदांत, जमाखर्चाच्या वहीत, आकाशातून दगड पडल्याचा एक शब्द जरी आढळला, तरी ते पान रद्दीत घालू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात नेऊन दाखवा.