आधी माल, मग पैसे

ऑगस्ट 2009 पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरच्या कार्डखरेदीसाठी जादा पासवर्ड सक्तीचा केला. फसवणूक रोखायची तर नियम योग्यच होता. पण तेव्हाच्या रडतखडत चालणाऱ्या इंटरनेटवर पासवर्डचं पान मध्येच अडकायचं. खात्यातून पैसे गेलेले आणि दुकान म्हणणार, ऑर्डर आलीच नाही! फोटो झकास, शोधाची सोय उत्तम, भाव कमी, तरी गिऱ्हाईक शेवटच्या पायरीवरून मागे फिरायचं. 2010 मध्ये फ्लिपकार्टने 'कॅश ऑन डिलिव्हरी' सुरू केली आणि गाडं पुढे सरकलं. भारतीय बाजाराची अफलातून युक्ती म्हणून तिचा बराच गाजावाजा झाला. युक्ती अफलातून होतीच, फक्त ती सव्वाशेहून अधिक वर्षं जुनी होती.

टपाल खात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्ट, म्हणजे आपली व्ही.पी., 1877 मध्ये सुरू केली. दुकानदाराने पार्सल पाठवायचं, पोस्टमनने दारात पैसे घेऊन ते हवाली करायचं आणि जमलेली रक्कम टपाल खात्याने दुकानदाराकडे पोचती करायची. मुंबई-पुण्याच्या प्रकाशकांची पुस्तकं, काढे-चूर्णं, घड्याळं, बियाणं असं काय काय या वाटेने गावोगाव गेलं. दुकानाची पायरीही न चढलेल्या माणसाने केवळ जाहिरात वाचून वस्तू मागवावी, हे मराठी घरांत इंटरनेटच्या कितीतरी आधी अंगवळणी पडलेलं होतं.

तंटेही तेव्हापासूनचेच. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1898 च्या टपाल कायद्यात व्ही.पी.साठी वेगळी कलमं होती. खरी मागणी आल्यावरच हे पार्सल पाठवतो आहे, असं पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याची तरतूद त्यात होती. म्हणजे न मागितलेला माल लोकांच्या गळ्यात मारणारे महाभाग त्या काळीही होतेच. फसवणूक झाली तर वसूल केलेली रक्कम अडवून गिऱ्हाइकाला परत देण्याचीही सोय होती. 'रिफंड पॉलिसी' म्हणून आज जे संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं, ते इथे सरकारी कायद्यात बसलेलं होतं. उलट बाजूचा त्रास दुकानदाराला. मागवणारा दारात नकार द्यायचा, पार्सल परत यायचं आणि टपालखर्च अंगावर पडायचा. म्हणून पुष्कळ प्रकाशक 'व्ही.पी. पाठवली जाणार नाही' असं जाहिरातीतच छापून मोकळे होत. आजचे ऑनलाइन विक्रेते 'आरटीओ' म्हणून कपाळाला हात लावतात, ते हेच परत आलेलं पार्सल.

व्ही.पी.त एक उणीव होती. पैसे मोजल्याशिवाय पार्सल उघडता येत नसे. ती उणीव भरायला दुसरी परंपरा लागली, आणि ती मुंबईच्या उपनगरांनी जवळून पाहिली. 1982 मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्जचे विक्रेते नव्या इमारतींचे जिने चढून व्हॅक्यूम क्लीनर घरातच चालवून दाखवत. गादीतून निघालेली धूळ बघून गृहिणी खजील होत आणि यंत्र खपत असे. 1991 मध्ये अंधेरीत शॉपर्स स्टॉपचं पहिलं दुकान उघडलं. काउंटरपलीकडच्या माणसाला 'ते वरचं दाखवा' म्हणण्याची गरज उरली नाही. कपडा हातात घ्या, घालून बघा, नको तर ठेवून द्या. ऑनलाइन दुकानात 'सात दिवसांत परत' लिहिलेलं असतं, त्याचं मूळ मला या ट्रायल रूममध्ये दिसतं.

मुंबईच्याच बाझी डॉट कॉमला, जी 2004 मध्ये ईबेने विकत घेतली, आधी पैसे द्यायला गिऱ्हाईक कचरतं हा पेच कळला होता. भारतातल्या ईबेवर 'पैसापे' नावाची व्यवस्था होती: गिऱ्हाइकाने पैसे आधी द्यायचे, पण विक्रेत्याला ते लगेच मिळायचे नाहीत, मध्यस्थाकडे राहायचे. हुशार कल्पना, पण अनोळखी संकेतस्थळावर आधी पैसे भरण्याचं धाडस करावंच लागे. ॲमेझॉनला अमेरिकेत 1999 मध्ये एका क्लिकच्या खरेदीचं पेटंट मिळालं होतं. तिकडे पैसे देण्याचा क्षण जितका चटकन उरकेल तितकं दुकान सोयीचं. आपल्याकडे तो क्षण दारापर्यंत लांबवला तेव्हा दुकान सोयीचं झालं. संकेतस्थळ सोपं कसं करावं याची पाठ्यपुस्तकं बटणाच्या रंगावर पानंच्या पानं खर्च करतात, त्यांत या लांबणीला निदान एक प्रकरण हवं.

2016 मध्ये यूपीआय आलं आणि त्याच वर्षी नोटाबंदीही झाली. मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांत सुट्ट्या पैशांची घासाघीस ओसरली. डिलिव्हरीवाला आता मोबाइलवर क्यूआर कोड पुढे धरतो. रोकड गेली तरी क्रम तोच राहिला, आधी माल मग पैसे. महागड्या फोनच्या बाबतीत तर काही कंपन्या पार्सल दारातच उघडून दाखवतात आणि व्ही.पी.ची जुनी उणीव तेवढ्यापुरती भरून निघते.

दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणाऱ्या ॲपवर मात्र लोक बिनदिक्कत आधी पैसे भरतात. रक्कम छोटी, दुकान रोजचं, आणि कोथिंबीर पिवळी निघालीच तर तक्रार करून पैसे परत मिळतात. अनोळखी विक्रेत्याकडून साडी मागवताना त्याच घरातलं बोट खालच्या 'कॅश ऑन डिलिव्हरी'च्या पर्यायाकडे सरकतं. त्या पर्यायावर काही कंपन्या आता जादा आकार लावतात. 2025 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने त्याबद्दलच्या तक्रारींची दखल घेऊन चौकशी सुरू केली.