शूर्पारकाचे बंदर आणि जकातीची मुभा

विकसनशील देशांतील आर्थिक सहकार्याचा इतिहास १९५५ च्या बांडुंग परिषदेपासून सांगण्याचा प्रघात असला, तरी हिंदी महासागराच्या काठावरील देशांचे परस्परव्यवहार त्याहून फार जुने आहेत, आणि ते कोणत्या सोयींवर उभे होते हे शूर्पारक, म्हणजे आजच्या वसई-विरार शहरातील नालासोपारा, व त्याच्या आसपासच्या कोरीव लेखांवरून चांगले उमगते.

क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृहे बांधली, तसेच तापी, दमण, डहाणू इत्यादी नद्यांवर विनामूल्य तर ठेवली, असे नाशिकच्या लेण्यातील लेख सांगतो. हे दान पुण्यासाठी होते; तरीही बंदराकडे माल नेणाऱ्या व्यापाऱ्याच्या वाटेतील अडचण त्याने दूर झाली, हे नाकारता येत नाही.

याच परंपरेतील अधिक लक्षणीय पुरावा पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे मिळालेल्या शके ८४८ (इ.स. ९२६) च्या ताम्रपटात आहे. त्या काळी संयान मंडलाचा, म्हणजे संजाणच्या परिसराचा, कारभार राष्ट्रकूटांनी मधुमती सुगतिप या ताजिकाकडे, म्हणजे अरबाकडे, सोपवला होता; त्याने दोन प्रवाहांवर मोफत तर सुरू केली आणि तांदूळ, कालवण व तूप फुकट देणारे अन्नछत्र घातले, शिवाय देवी भगवतीच्या मठिकेला दिलेल्या दानासही त्याची संमती होती. परक्या किनाऱ्यावरून आलेल्या समाजातील माणसाला प्रांताचा अधिकार देण्याइतका हा विश्वास होता आणि त्याचे मोल कोणत्याही लेखी करारापेक्षा कमी नाही.

पुढे १०९४ मध्ये शिलाहार राजा अनंतदेव याने भाभण आणि धनाम या श्रेष्ठी बंधूंच्या जहाजांना ठाणे, शूर्पारक, चेमुल्य (चौल) आदी बंदरांत जकात माफ केली. ही सवलत दोन राज्यांमधील नसून राजाने आपलेच अमात्य असलेल्या या बंधूंना दिलेली होती, एवढी मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

१५३४ च्या वसईच्या तहाने या मोकळिकीला नेमके उलटे वळण दिले. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजरातच्या जहाजांनी वसईहूनच निघावे, तेथे पोर्तुगीजांचा कार्ताझ, म्हणजे समुद्रसंचाराचा परवाना, घ्यावा आणि परतताना तेथेच जकात भरावी, असे त्याने ठरले. पुढे विसाव्या शतकात मात्र पुन्हा मोकळिकीकडे वळत हिंदी महासागराकाठच्या अनेक देशांनी इतर विकसनशील देशांसह एकमेकांच्या मालावरील आयातशुल्कात सवलत देणारा करार १९८८ मध्ये बेलग्रेड येथे केला. तो १९८९ पासून अमलात असून भारत त्यात सहभागी आहे.