लायन्सचे दौरे: परक्या भूमीवर घडणारा संघ

ब्रिटिश अँड आयरिश लायन्स हा रग्बी संघ एरवी अस्तित्वात नसतो. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड हे चार संघ दरवर्षी एकमेकांविरुद्ध त्वेषाने खेळतात. दर चार वर्षांनी या चौघांतले निवडक खेळाडू एकाच लाल जर्सीत दक्षिण गोलार्धात जातात, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका किंवा ऑस्ट्रेलियाशी कसोटी मालिका खेळतात आणि परतल्यावर संघ विसर्जित होतो. निरोपाचा एखादा सामना सोडला तर या संघाला घरचे मैदान नाही. सगळ्या कसोट्या परक्या भूमीवर, परक्या हवेत, आणि समोर वर्षानुवर्षे एकत्र खेळलेला राष्ट्रीय संघ. त्यामुळे लायन्सच्या इतिहासात मालिका जिंकण्यापेक्षा हरण्याच्याच नोंदी जास्त आहेत.

या प्रथेची सुरुवात क्रिकेटपटूंनी केली. आल्फ्रेड शॉ आणि आर्थर श्रूसबरी हे इंग्लंडचे दोन नामांकित खेळाडू ऑस्ट्रेलियात क्रिकेटचे दौरे नेऊन पैसा मिळवत असत. तोच उद्योग त्यांनी १८८८ मध्ये रग्बीत करून पाहिला. इंग्लंडच्या रग्बी युनियनने या दौऱ्याला आश्रय दिला नाही. खेळाडूने खेळासाठी पैसे घेणे हा तिच्या लेखी अपराध होता, आणि हॅलिफॅक्सच्या जॅक क्लोझने कपड्यालत्त्यासाठी १५ पौंड घेतल्याचे उघड होताच त्याला व्यावसायिक ठरवण्यात आले. तो संघाबरोबर गेला, पण खेळू शकला नाही. बाकीचे मार्च ते नोव्हेंबर घराबाहेर होते. रग्बीचे ३५ सामने ते खेळले. त्यांतले २७ जिंकले आणि फक्त २ हरले. शिवाय गल्ला वाढवण्यासाठी त्यांना व्हिक्टोरियातल्या स्थानिक फुटबॉलचे सामनेही खेळावे लागले. तो वेगळ्याच नियमांचा खेळ होता आणि बहुतेकांनी तो कधी पाहिलाही नव्हता.

या दौऱ्यावर एक मोठा घाला पडला. कर्णधार रॉबर्ट सेडन ऑगस्टमध्ये न्यू साउथ वेल्समधल्या मेटलंड गावी हंटर नदीत एकटाच नाव वल्हवत असताना बुडून मरण पावला. पुढचे नेतृत्व अँड्र्यू स्टॉडार्टकडे आले. क्रिकेटच्या वाचकांना तो परिचित आहे, कारण पुढे त्याने इंग्लंडचा क्रिकेट संघही ऑस्ट्रेलियात नेला. १८८८ च्या दौऱ्यात एकही कसोटी झाली नाही, पण घरापासून हजारो मैलांवर महिनोन्‌महिने एकत्र राहून संघ घडवायचा हा साचा तिथेच तयार झाला.

१८९१ चा दौरा दक्षिण आफ्रिकेचा होता. सेसिल ऱ्होड्सने त्याच्या खर्चाची हमी घेतली होती. कर्णधार बिल मॅकलेगनच्या संघाने तिन्ही कसोट्यांसह सगळे सामने जिंकले आणि अख्ख्या दौऱ्यात त्यांच्यावर एकच ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणे) झाला. जाताना त्यांच्याजवळ जहाज कंपनीचे मालक सर डोनाल्ड करी यांनी दिलेला एक चषक होता. आपल्याविरुद्ध सर्वांत चांगला खेळ करणाऱ्या संघाला तो द्यायचा होता. तो ग्रीकालँड वेस्टला मिळाला, आणि त्यातून करी कप ही दक्षिण आफ्रिकेतली प्रांतीय स्पर्धा उभी राहिली. पाहुण्यांनी यजमानांना खेळ शिकवला, आणि यजमान फार वेगाने शिकले. पाचच वर्षांनी, १८९६ च्या दौऱ्यातल्या शेवटच्या कसोटीत, केपटाऊनच्या न्यूलँड्सवर दक्षिण आफ्रिकेने पहिला विजय मिळवला. त्या दिवशी त्यांच्या अंगावर प्रथमच हिरवी जर्सी होती. १९०३ मध्ये त्यांनी मालिकाच जिंकली, आणि तिथून १९५६ पर्यंत दक्षिण आफ्रिका घरी किंवा बाहेर एकही मालिका हरली नाही.

न्यूझीलंडमध्येही तेच घडले. १९०४ ची एकमेव कसोटी पाहुण्यांनी ३-९ अशी गमावली आणि १९०८ च्या तीनपैकी एकही जिंकता आली नाही. या पराभवांमागचे साधे कारण असे की जाणारा संघ क्वचितच सर्वोत्तम असे. खेळ हौशी होता. पाच-सहा महिन्यांची बिनपगारी रजा ज्याला मिळेल तो जाई; डॉक्टर, विद्यार्थी, लष्करी अधिकारी जात, आणि खाणकामगार किंवा गिरणी कामगार कितीही गुणी असला तरी बहुधा मागे राहत असे. चारही युनियनच्या संमतीने निवडलेला संघ १९१० मध्ये प्रथम गेला. १९२४ च्या सुमारास टायवरच्या सिंहाच्या चिन्हावरून वार्ताहरांनी संघाला लायन्स म्हणायला सुरुवात केली, आणि लाल जर्सी १९५० मध्ये आली.

दौऱ्याची अवघड बाजू कसोटीच्या शनिवारांपुरती नव्हती. दोन कसोट्यांच्या मध्ये, आठवड्यातून दोनदा, प्रांतीय संघांशी सामने असत. ऑकलंड, कँटरबरी, ओटागो, ट्रान्सवाल, नॉर्दर्न ट्रान्सवाल या संघांतल्या खेळाडूंना लायन्सविरुद्ध खेळण्याची संधी आयुष्यात एकदाच मिळे आणि ते जीव तोडून खेळत. शिवाय पंच यजमान देशाचे असत. जखमी खेळाडूच्या जागी बदली आणण्याची सोय नव्हती. कसोटी रग्बीतला पहिला बदली खेळाडू १९६८ मध्ये प्रिटोरियात उतरला, बॅरी जॉनच्या गळ्याजवळचे हाड मोडल्यावर आलेला माइक गिब्सन. दक्षिण आफ्रिकेत उंचीचाही प्रश्न होता. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे १,७५० मीटर उंचावर आहे. तिथे किनाऱ्यावरून आलेल्या खेळाडूचा दम लवकर संपतो आणि विरळ हवेत लाथाडलेला चेंडू जास्त लांब जातो.

१९५५ मध्ये लायन्स प्रथमच विमानाने गेले. पहिलीच कसोटी जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर झाली आणि मैदानात ९० हजारांहून जास्त माणसे होती. रेग हिगिन्स जखमी होऊन बाहेर गेल्यावर लायन्स १४ जणांनिशी खेळले आणि २३-२२ ने जिंकले. अखेरच्या क्षणी यजमानांचा फुलबॅक जॅक फान डर स्खेफ याची किक चुकली होती. मालिका २-२ अशी सुटली. चार वर्षांनी डनेडिनमध्ये चित्र नेमके उलटले. तेव्हा ट्राय आणि पेनल्टी या दोहोंना तीन-तीनच गुण होते. लायन्सनी चार ट्राय केले. न्यूझीलंडला एकही जमला नाही. पण डॉन क्लार्कने सहा पेनल्टी मारल्या आणि न्यूझीलंड १८-१७ ने जिंकले. परदेशातल्या मालिकेत सुंदर खेळ पुरत नाही, चेंडू खांबांमधून पाठवणारा खात्रीचा पाय लागतो, हा धडा लायन्सना त्या दिवशी मिळाला. तो अंगी बाणायला आणखी बारा वर्षे गेली. मधल्या काळात १९६६ मध्ये न्यूझीलंडने चारही कसोट्या जिंकल्या.

१९७१ चा न्यूझीलंड दौरा या साऱ्या इतिहासाचा मध्यबिंदू आहे. प्रशिक्षक कारविन जेम्स वेल्श भाषेचा शिक्षक होता. केव्हनायथिन या वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात तो वाढला, आणि त्याचा सर्वांत महत्त्वाचा खेळाडू, फ्लायहाफ बॅरी जॉन, त्याच गावचा. जेम्स हुकूम सोडत नसे. आयरिश फॉरवर्डला स्क्रमबद्दल काय वाटते, स्कॉटिश प्रॉप कसा विचार करतो, हे तो विचारून घेई आणि त्यातून योजना बांधी. चार देशांच्या चार सवयी एका संघात मुरायला वेळ लागतो, आणि प्रांतीय सामन्यांचे ते आठवडे म्हणजे हाच वेळ, हे त्याने आधीच्या कोणाहीपेक्षा नीट ओळखले होते. व्यवस्थापक डग स्मिथने दौऱ्याच्या आरंभीच भाकीत केले होते की मालिका २-१ अशी जिंकू आणि एक कसोटी बरोबरीत सुटेल.

पहिल्या कसोटीच्या आठवडाभर आधी कँटरबरीविरुद्धचा सामना अक्षरशः मारामारीत खेळला गेला. लायन्स १४-३ ने जिंकले, पण सँडी कारमायकेलच्या गालाचे हाड मोडले, रे मॅकलॉक्लिनचा अंगठा मोडला आणि पहिल्या पसंतीचे दोन्ही प्रॉप दौऱ्यातून बाद झाले. त्यांच्या जागी इयन मॅक्लॉक्लन आणि शॉन लिंच आले. डनेडिनच्या कसोटीत लायन्सचा एकमेव ट्राय केला तो याच मॅक्लॉक्लनने, यजमानांची किक अंगावर झेलून. त्या सामन्यात बॅरी जॉनने न्यूझीलंडचा फुलबॅक फर्गी मॅककॉर्मिक याला मैदानाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात असे पळवले की मॅककॉर्मिक पुन्हा कसोटी खेळला नाही. निकाल ९-३. क्राइस्टचर्चला १२-२२ अशी हार झाली, वेलिंग्टनला १३-३ असा विजय मिळाला, आणि ऑकलंडची शेवटची कसोटी १४-१४ अशी सुटली. तीत लायन्सच्या जेपीआर विल्यम्सने फार दुरून ड्रॉप गोल मारला होता. स्मिथचे भाकीत अक्षरशः खरे ठरले. चार कसोट्यांतल्या लायन्सच्या ४८ गुणांपैकी ३० एकट्या बॅरी जॉनचे होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या २७ व्या वर्षी, त्याने खेळ सोडला. कारविन जेम्सला वेल्सच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद कधीच मिळाले नाही, आणि हा वेल्श रग्बीने स्वतःचाच केलेला मोठा तोटा म्हणावा लागेल.

१९७४ चा संघ विली जॉन मॅकब्राइडच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेत गेला आणि २२ पैकी २१ सामने जिंकला. शेवटची कसोटी १३-१३ अशी सुटली. तीही फर्गस स्लॅटरीचा ट्राय पंचांनी नाकारला म्हणून. कसोट्यांचे एकूण गुण ७९ विरुद्ध ३४. यजमान फॉरवर्डांचा दांडगावा मोडून काढण्यासाठी लायन्सनी एक खूण ठरवली होती. ‘९९’ अशी हाक आली की पंधराच्या पंधरा जणांनी एकदम भिडायचे, कारण पंच सगळ्यांनाच बाहेर काढू शकत नाही. पोर्ट एलिझाबेथच्या कसोटीत हे घडलेही. पुढच्या काळात त्याचे कौतुक फार झाले. खेळ म्हणून त्यात कौतुकासारखे काही नव्हते.

त्याहून मोठा प्रश्न या दौऱ्यावर जाण्याचाच होता. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे राज्य होते, राष्ट्रीय संघ केवळ गोऱ्यांचा होता आणि ब्रिटिश सरकारने दौऱ्याला विरोध केला होता. वेल्सचा जॉन टेलर १९६८ मध्ये तिथे खेळून आला होता. डोळ्यांनी जे पाहिले त्यामुळे त्याने पुन्हा जाण्यास नकार दिला. संघाने गौरेतर संघांशीही सामने खेळले, आणि प्रेक्षागृहाच्या वेगळ्या काढलेल्या भागांत बसलेले कृष्णवर्णीय लोक आपल्या देशाविरुद्ध लायन्सना प्रोत्साहन देत होते. गोऱ्यांचा अजिंक्य संघ चिरडला जाताना पाहण्याचे मोल त्यांना किती वाटले असेल, हे समजण्यासारखे आहे. तरीही टेलरचा निर्णय त्या दौऱ्यातल्या कोणत्याही विजयापेक्षा इतिहासात जास्त ताठ उभा राहतो. लायन्स १९८० मध्ये पुन्हा तिथे गेले आणि १-३ ने हरले. १९८६ चा दौरा मात्र रद्द झाला.

ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाली आणि दौऱ्याचे दिवस आता संपले असे अनेकांना वाटले. १९५९ च्या संघाने ३३ सामने खेळले होते. १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत फक्त १३ होते. मार्टिन जॉन्सन कर्णधार, इयन मॅकगीकन आणि जिम टेलफर प्रशिक्षक, आणि समोर विश्वविजेते. केपटाऊनची पहिली कसोटी लायन्सनी २५-१६ ने घेतली. डर्बनला दक्षिण आफ्रिकेने तीन ट्राय केले, लायन्सनी एकही नाही. पण यजमानांच्या किकमागून किक चुकत गेल्या, नील जेंकिन्सने पाच पेनल्टी मारल्या आणि शेवटी जेरेमी गस्कॉटच्या ड्रॉप गोलने सामना १८-१५ झाला. डनेडिनची ती हार अडतीस वर्षांनी नेमकी उलटी होऊन फिटली. २००९ मध्ये मात्र याच शस्त्राने लायन्सवर वार केला. प्रिटोरियात दक्षिण आफ्रिकेच्या मॉर्ने स्टेनने स्वतःच्या अर्ध्या मैदानातून शेवटची पेनल्टी मारली आणि मालिका गेली. २०२१ मध्ये, महासाथीमुळे रिकाम्या ठेवलेल्या केपटाऊनच्या मैदानावर, त्यानेच पुन्हा शेवटच्या पेनल्टीने १९-१६ असा निकाल लावला.

२००५ चा न्यूझीलंड दौरा वेगळ्या कारणाने फसला. प्रशिक्षक क्लाइव्ह वूडवर्डने भलामोठा संघ नेला, मधल्या आठवड्यांचा संघ आणि कसोटीचा संघ जवळजवळ वेगळे ठेवले, आणि पहिल्या कसोटीच्या पहिल्याच मिनिटांत कर्णधार ब्रायन ओड्रिस्कॉलला दोघांनी उचलून आदळल्याने त्याचा खांदा निखळला. तिन्ही कसोट्या गेल्या. कारविन जेम्सने ज्या आठवड्यांत संघ घडवला, तेच आठवडे इथे संघाचे दोन तुकडे पाडण्यात खर्ची पडले.

आता दौरा सुमारे सहा आठवड्यांचा असतो. २०१७ मध्ये न्यूझीलंडमध्ये दहाच सामने झाले, आणि त्यातही लायन्सनी १५-३० अशा हारेनंतर २४-२१ असा विजय मिळवून, शेवटची कसोटी १५-१५ अशी राखून मालिका बरोबरीत सोडवली. इतक्या कमी वेळात मिळालेले हे यश १९७१ खालोखालचे मानायला हवे. २०२५ मध्ये कर्णधार मारो इटोजेच्या संघाने ऑस्ट्रेलियातली मालिका २-१ ने जिंकली. मेलबर्नला ५-२३ असे मागे पडल्यावर शेवटच्या मिनिटाला ह्यूगो कीननने ट्राय केला आणि २९-२६ असा निकाल लागला. तो सामना ९०,३०७ लोकांनी मैदानात बसून पाहिला.

न्यूझीलंडमध्ये लायन्स आजवर १२ वेळा कसोट्या खेळले आहेत आणि मालिका एकदाच जिंकले आहेत. महिला लायन्सचा पहिला दौरा २०२७ मध्ये त्याच देशात ठरला आहे, आणि पुरुषांचा संघ २०२९ मध्ये तिथे जाईल.