पितळेची मान आणि सरकारची धास्ती

या वीकेंडला एक अपूर्णांक सोडवूया: ५७७/४५०.

शाळेत वरचा अंश आणि खालचा छेद असं शिकलो. जुन्या ब्रिटिश रायफलींच्या काडतुसांवरचा अपूर्णांक मात्र वेगळा वाचायचा. पहिला आकडा म्हणजे मूळ पुंगळी कुठल्या कॅलिबरची होती. दुसरा म्हणजे तिचं तोंड आवळून आता कुठल्या कॅलिबरची गोळी बसवली आहे. आकडे इंचाच्या हजाराव्या भागात. म्हणजे ०.५७७ इंची पुंगळी घेतली आणि मान दाबून ०.४५० केली. आपल्या भाषेत फोर्क केलेला प्रोजेक्ट, आणि नावातच मूळ प्रोजेक्टचं नाव लिहिलेलं!

आता हा उद्योग मुळात करायचा कशाला? त्यासाठी जरा धारणीकडे जाऊ. अमरावती जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, मेळघाटात, कोरकूंच्या मुलखात हे गाव. तापी ओलांडली की निमाड सुरू. १८६० च्या दशकात त्या निमाडात कॅप्टन जेम्स फोर्सिथ नावाचा सेटलमेंट ऑफिसर होता. सातपुड्यावरचं त्याचं पुस्तक १८७१ मध्ये आलं, त्यात कोरकूही आहेत. पण त्याआधी त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या या विषयावर एक पुस्तक लिहिलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दाट जंगलात जनावर जवळून दिसतं, तेव्हा मोठी गोल गोळी घ्या, मागे भरपूर दारू भरा आणि नळीतल्या खाचांना अगदी कमी पीळ द्या, म्हणजे गोळी खाचांवरून घसरणार नाही.

पन्नास-साठ पावलांवर हे चालतं. पण गोल गोळीला हवेचा विरोध फार, वेग झपाट्याने उतरतो. लांब मारा हवा असेल तर गोळी बारीक आणि लांबट पाहिजे. सैन्याला लांब माराच हवा होता.

१८५३ च्या एनफिल्ड रायफलची नळी ०.५७७ इंचाची. हीच ती १८५७ च्या काडतुसांवाली. उठावानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हातात गोऱ्या सैन्यापेक्षा एक पिढी जुनं हत्यार ठेवायचं धोरण धरलं. १८६६ मध्ये त्याच एनफिल्डला मागून भरायची सोय जोडून स्नायडर रायफल केली. कॅलिबर तेच, बॅकवर्ड कम्पॅटिबल. तिच्या काडतुसात साधारण ७० ग्रेन दारू आणि ४८० ग्रेन वजनाची गोळी. मग १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. पुंगळीचा बुडखा स्नायडरच्याच मापाचा, मान आवळून ०.४५०. गोळीचं वजन ४८० ग्रेनच, पण अंगाने बारीक म्हणून लांब. दारू ८५ ग्रेन. तेवढंच वजन, जास्त दारू, हवेचा विरोध कमी. बाटलीसारख्या मानेची सगळी गंमत एवढ्यात आहे.

आता थोडं धातूबद्दल. काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते ठोकलं, ताणलं, दाबलं की कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत कुणालाही विचारा, भांडं ठोकता ठोकता मधेच तापवून नरम करावं लागतं, नाहीतर तडकतं. पुंगळीची मान आवळताना तेच करायचं. टप्प्याटप्प्याने छोट्या साच्यात दाबायची आणि मधे फक्त मान तापवायची. बुडखा तापवायचा नाही, कारण स्फोटाचा दाब त्यालाच सोसायचा असतो, तो कडकच पाहिजे. आवळलेलं पितळ मानेपाशी जाड होतं, लांबी वाढते, म्हणून शेवटी छाटायचं.

यात एक भानगड आपल्या पावसाळ्याने उघडकीला आणली. तबेल्यात ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात न वापरताच तडकायची! ऋतूवरून या रोगाला इंग्रजीत 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी कारण मांडलं: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि दाबताना पितळेत अडकून राहिलेला ताण. उपाय साधा होता. आकार दिल्यावर हलकं तापवून तो ताण काढून टाकायचा.

आता खरी गोष्ट. १९०७ पर्यंत ब्रिटिश फौजेने ०.३०३ घेऊन बरीच वर्षं झाली होती, पण चोरलेल्या आणि नकली मार्टिनी सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे होत्या. शिकाऱ्यांचं ०.४५० चं सामान त्यांच्या हाती पडलं तर? या धास्तीने भारतात आणि सुदानमध्ये ०.४५० कॅलिबरवर बंदी आली. आपल्या भाषेत, धोका ओळखायला सरकारने स्ट्रिंग मॅच लावली.

मग काय झालं असेल? स्ट्रिंग बदलली. हॉलंड अँड हॉलंडने ०.५०० ची पुंगळी आवळून ५००/४६५ काढलं. बाकीच्यांची ०.४७० आणि ०.४७५ आली. वाघाला काडीचा फरक पडला नाही. जिम कॉर्बेटची ४५०/४०० आठवा. नावात ४५० आहे, पण गोळी ०.४०० ची, त्यामुळे बंदीच्या बाहेर.

उलट्या दिशेचा प्रयोग सरकारने स्वतः केला. इशापूरच्या कारखान्यात पोलिस आणि पहारेकऱ्यांसाठी ०.३०३ रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून ०.४१० च्या केल्या. काडतूस कुठलं? ०.३०३ चीच पुंगळी, फक्त मान न आवळता सरळ ठेवलेली. बंदूक पळवली तरी फौजेचं काडतूस तिच्यात कामी येऊ नये हा हेतू. नागरिकाला ०.३०३ मिळत नसे, म्हणून ऑस्ट्रियाच्या ८ मिलिमीटर मानलिखर काडतुसावर बेतलेली ०.३१५ इथे रुजली. इशापूरने स्वातंत्र्यानंतरही त्याच बोअरची स्पोर्टिंग रायफल बनवली. तिकडे ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये लष्करी कॅलिबरवर निर्बंध होते, तेव्हा लोकांनी ०.३०३ ची मान आवळून ३०३/२५ काढलं. जुगाड काही आपली मक्तेदारी नाही!

पण हा जुगाड कुणाला परवडला? ज्याच्याकडे कारखाना, साचे आणि लंडनच्या दुकानात खातं होतं त्याला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना सूट दिली. साहेबाची बंदी एका आकड्यापुरती, ती आकडा बदलून सुटली. गावाकडच्या माणसावरची बंदी त्याच्यावरच होती, ती कुठल्या साच्यात दाबून सुटणार? पीक राखायला परवाना मिळालाच तर बहुधा भरमार बंदुकीचा, म्हणजे पुढून दारू ठासायची. साहेब फोर्सिथच्या गोल गोळीपासून नायट्रो काडतुसापर्यंत पोचला. ज्वारीत शिरलेली डुकरं हाकणारा शेतकरी ठासणीवरच राहिला.

पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली. हे चांगलंच झालं. आणि घरी पुंगळ्या आवळायचा विचार कुणी करत असेल तर ऐका: १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.

तर पुढच्या वेळी एखाद्या संग्रहालयात जुनी पुंगळी दिसली तर बुडावरचा अपूर्णांक बघा. कधी त्यात हवेच्या विरोधाचं गणित असतं, कधी सरकारची धास्ती. आणि आपण नियम लिहायला बसतो तेव्हाही (कोडमध्ये काय, कायद्यात काय) हे विचारून घ्यावं: आपण अडवतोय ते धोक्याला की आकड्याला? आकडा अडवला तर साधनवाला दोन हजारावा भाग सरकून निघून जातो. अडकतो तो ज्याला सरकायची सोय नाही.