हरलेल्या संघाचा सर्वोत्तम खेळाडू : फ्रँक व्हिटकम आणि रग्बीची फाळणी

#धागा

१/ दिनांक १ मे १९४८. लंडनचे वेम्बली मैदान. रग्बी लीगच्या चॅलेंज कपचा अंतिम सामना. प्रेक्षक ९१,४६५. या सामन्याची सगळी तिकिटे आधीच संपली, असे वेम्बलीवर प्रथमच घडत होते. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज स्वतः आले होते. गादीवर असलेला राजा या अंतिम सामन्याला येण्याचीही ही पहिलीच वेळ. विगनने ब्रॅडफर्ड नॉर्दर्नचा ८-३ असा पराभव केला. मात्र सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला तो पराभूत संघातल्या एका धिप्पाड वेल्श गड्याला. त्याचे नाव फ्रँक व्हिटकम.

२/ व्हिटकमचा जन्म २९ मे १९१३ रोजी कार्डिफच्या ग्रेंजटाउन भागात झाला. गोदीच्या जवळची ही कामकऱ्यांची वस्ती. वेल्समध्ये रग्बी हा लोकांच्या जिव्हाळ्याचा खेळ; पण तो रग्बी युनियन. व्हिटकमने कीर्ती मिळवली ती रग्बी लीगमध्ये, घरापासून दूर, इंग्लंडच्या उत्तरेत. ज्या खेळाला त्याच्या मायभूमीतले अनेक जण फितुरी समजत, त्याच खेळात. हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर आधी अर्धशतक मागे जावे लागते.

३/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रग्बी हा एकच खेळ होता आणि त्याचा एक कडक नियम होता : खेळण्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत. लंडनच्या वकिलाला किंवा जमीनदाराच्या मुलाला हा नियम जाचत नसे. यॉर्कशायर आणि लँकशायरमधल्या गिरणी कामगाराची व खाणकामगाराची गोष्ट वेगळी होती. शनिवारी सामना खेळायचा म्हणजे कामावर खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरी बुडाली.

४/ उत्तरेकडील क्लबांची मागणी साधी होती. खेळाडूला पगार नको, बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या. दिवसाला फार तर ६ शिलिंग. सप्टेंबर १८९३ मध्ये लंडनच्या सभेत हा ठराव मताला टाकला गेला आणि २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्या ‘नॉर्दर्न युनियन’चेच पुढे, १९२२ साली, ‘रग्बी फुटबॉल लीग’ झाले.

५/ हळूहळू खेळाचे नियमही बदलले. १९०६ पासून लीगमध्ये एका बाजूला १५ ऐवजी १३ खेळाडू खेळू लागले. पण दोन्ही खेळांमधली खरी भिंत पैशाची होती. युनियनच्या खेळाडूने लीगकडून पैसे घेतले, किंवा नुसता चाचणी सामना खेळला, तरी त्याच्यावर आजन्म बंदी येई. युनियनच्या मैदानावर त्याला पुन्हा पाय ठेवता येत नसे.

६/ वेल्सची अडचण इथेच होती. इंग्लंडच्या दक्षिणेत युनियन हा सुखवस्तूंचा खेळ होता. वेल्समध्ये तो खाणकामगार, पोलाद कामगार आणि गोदी कामगारही खेळत. म्हणजे जो वर्ग उत्तर इंग्लंडमध्ये युनियन सोडून बाहेर पडला होता, तोच वेल्समध्ये युनियनचा कणा होता. पुढे दोन महायुद्धांच्या मधल्या काळात दक्षिण वेल्सच्या कोळशाला आणि पोलादाला मंदीने ग्रासले. खाणी बंद पडू लागल्या आणि माणसे पोटासाठी इंग्लंडच्या शहरांकडे निघाली.

७/ अशा वेळी उत्तरेकडील क्लबांचे हेर वेल्समध्ये फिरत. चांगला खेळाडू हेरायचा, त्याच्या घरी जायचे आणि टेबलावर रोकड ठेवायची. बेकार बाप आणि भुकेली भावंडे असलेल्या घरात त्या नोटांचे वजन काय असेल, याची कल्पना करून पाहावी. सही केली की परतीची वाट बंद. वेल्श लोक या प्रवासाला नुसते ‘उत्तरेला जाणे’ म्हणत. त्या दोन शब्दांत विरह होता आणि दूषणही होते.

८/ व्हिटकम तरुणपणी लष्करात दाखल झाला आणि लष्कराच्या संघाकडून युनियन खेळू लागला. १९३५ साली त्याने मँचेस्टरच्या ब्रॉटन रेंजर्स या लीग क्लबशी करार केला. १९३८ च्या डिसेंबरात ब्रॅडफर्ड नॉर्दर्नने त्याला ८५० पौंडांना घेतले. एका फॉरवर्डसाठी ही रक्कम त्या काळी विक्रमी मानली गेली. चेंडू घेऊन वाऱ्यासारखे पळणाऱ्यांवर क्लब पैसा ओतत. पुढच्या फळीत धडका घेणाऱ्यावर एवढा खर्च करणे ही नवलाईच होती.

९/ मग हा फॉरवर्ड करतो तरी काय? लीगमध्ये १३ पैकी ६ जण फॉरवर्ड. स्क्रम लागला की हे सहा जण एकमेकांना घट्ट धरून, वाकून प्रतिस्पर्ध्यांच्या सहा जणांना भिडतात. मधोमध हुकर, तो पायाने चेंडू मागे ओढतो. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रॉप. ते हुकरला तोलून धरतात आणि समोरचा सारा भार अंगावर घेतात. व्हिटकम प्रॉप होता. वजन सुमारे १८ स्टोन, म्हणजे जवळजवळ ११४ किलो.

१०/ त्या काळच्या नियमांत प्रॉपचे मोल आजच्याहून कितीतरी अधिक होते. आज ठरावीक वेळा अडवले गेल्यावर संघाला चेंडू सोडावा लागतो. ही मर्यादा १९६६ साली आली. त्याआधी चेंडू एकदा हाती आला की चुकेपर्यंत तो आपलाच. म्हणून स्क्रम जिंकणे म्हणजे अर्धा सामना जिंकणे. शिवाय बदली खेळाडू नसत. कुणी जखमी झाला तर उरलेल्यांनी निभवायचे. मागचे गडी धावा करत असताना प्रॉपने ८० मिनिटे खिंड लढवायची, असा हा मामला होता.

११/ ब्रॅडफर्डचा संघही पाहण्यासारखा होता. व्यवस्थापक डाय रीस वेल्श. ट्रेव्हर फॉस्टर, विली डेव्हिस, एमलिन वॉल्टर्स, अॅलन एडवर्ड्स हे खेळाडूही वेल्श. मैदान ओड्सल, एका खोलगट खड्ड्यात वसवलेले. यॉर्कशायरच्या लोकरीच्या गिरण्यांच्या शहरात वेल्सचे जणू एक छोटे गावच नांदत होते. युद्धकाळात ब्रॅडफर्डने तीनदा विजेतेपद मिळवले : १९४०, १९४१ आणि १९४५.

१२/ युद्धाने आणखी एक गोष्ट उघडी पाडली. १९३९ च्या नोव्हेंबरात युनियनने सैनिकांपुरती बंदी उठवली. ज्यांना आजन्म अस्पृश्य ठरवले होते, ते गणवेश चढवताच संघात चालू लागले. १९४३ मध्ये लीड्सला आणि १९४४ मध्ये ब्रॅडफर्डला लीगचे व युनियनचे सैनिक एकमेकांविरुद्ध खेळले. नियम युनियनचे, दोन्ही वेळा जिंकले लीगवाले. युद्ध संपले आणि बंदी पुन्हा जशीच्या तशी लागू झाली.

१३/ १९४६ साल. युद्धामुळे १९४० चा ऑस्ट्रेलिया दौरा रद्द झाला होता. ब्रिटिश संघाने आता तरी यावे, असा आग्रह ऑस्ट्रेलियाचे परराष्ट्रमंत्री एव्हॅट यांनी धरला. प्रवासी जहाजे मिळेनात, तेव्हा २६ खेळाडूंना ‘इंडोमिटेबल’ या विमानवाहू युद्धनौकेवरून पाठवण्यात आले. ती नौका फ्रीमँटलला, म्हणजे खंडाच्या पश्चिम टोकाला लागली. तिथून पूर्व किनाऱ्यावरच्या सिडनीपर्यंत अख्खे ऑस्ट्रेलिया रेल्वेने ओलांडायचे होते. रेशनवर जगलेल्या या संघात सर्वांत वजनदार गडी व्हिटकम.

१४/ संघाचा कर्णधार होता गस रिसमन. लॅटव्हियातून आलेल्या दांपत्याचा हा मुलगाही कार्डिफचाच. पहिली कसोटी सिडनीत : ८-८ बरोबरी. या सामन्यात जॅक किचिंगला पंचांनी बाहेर काढले आणि ब्रिटिश संघ एका गड्याने कमी असताना लढला. दुसरी ब्रिस्बेनला : १४-५ विजय. तिसरी पुन्हा सिडनीत : २०-७ विजय. ऑस्ट्रेलियात जाऊन कसोटी मालिकेत एकही सामना न हरणारा हा एकमेव ब्रिटिश संघ. नौकेचे नावच पुढे संघाला चिकटले : ‘इंडोमिटेबल्स’, अर्थात अजिंक्य.

१५/ आता वेम्बलीकडे वळू. १९४७, १९४८ आणि १९४९ अशी सलग तीन वर्षे ब्रॅडफर्ड अंतिम सामन्यात पोहोचले. वेम्बलीवर सलग तीनदा खेळणारा हा पहिला संघ. १९४७ मध्ये लीड्सवर ८-४ असा विजय मिळाला. वॉल्टर्स व फॉस्टर यांचा प्रत्येकी एक ट्राय आणि डेव्हिसचा ड्रॉप गोल. आठच्या आठ गुण वेल्श खेळाडूंचे. व्हिटकमच्या नावावर एकही गुण नाही. प्रॉपच्या कामाची नोंद गुणफलकावर होत नाही, ती अशी.

१६/ म्हणूनच १९४८ चा तो मान विलक्षण ठरतो. ‘लॅन्स टॉड ट्रॉफी’ १९४६ पासून दिली जाऊ लागली. पहिली बिली स्टॉटला, दुसरी विली डेव्हिसला. दोघेही मागच्या फळीतले, दोघेही विजेत्या संघातले. तिसऱ्या वर्षी विगनने दोन ट्राय आणि एक गोल केला, ब्रॅडफर्डला एडवर्ड्सचा एकच ट्राय मिळाला. तरीही कौल पडला तो व्हिटकमच्या बाजूने. हा मान मिळवणारा तो पहिला फॉरवर्ड. हरलेल्या संघातला असून तो मिळवणाराही पहिलाच.

१७/ पुढच्या वर्षी, ७ मे १९४९ रोजी, ९५,०५० प्रेक्षकांसमोर ब्रॅडफर्डने हॅलिफॅक्सला १२-० असे नमवले. व्हिटकमने तेव्हा वयाची छत्तिशी जवळजवळ गाठली होती. तोच त्याच्या कारकिर्दीचा समारोप ठरला. ब्रॅडफर्डकडून तीनशेहून अधिक सामने, आणि १९३८ ते १९४८ या काळात वेल्सच्या लीग संघाकडून १४ सामने. लीगला वेल्सचा स्वतंत्र संघ १९०८ पासून होता. युनियनने दार लावलेल्या माणसाला देशाचा लाल सदरा घालता येण्याची तेवढी एकच वाट होती.

१८/ १७ जानेवारी १९५८ रोजी व्हिटकमचे निधन झाले. वय अवघे ४४. तोवर युनियनची बंदी तशीच होती. ती उठली २६ ऑगस्ट १९९५ रोजी, जेव्हा युनियनने स्वतःच खेळाडूंना पैसे देण्यास मान्यता दिली. जॉर्ज हॉटेलमधल्या त्या बैठकीला शंभर वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा तीन दिवस कमी होते. ६ शिलिंगांचा वाद मिटायला शतक लागले.

१९/ २०२३ साली कार्डिफच्या गोदी भागात एक शिल्प उभे राहिले. त्यावर लीगचे तीन खेळाडू आहेत : बिली बॉस्टन, क्लाइव्ह सलिव्हन आणि गस रिसमन. या तिघांची निवड ज्या १३ नावांतून झाली, त्यांत फ्रँक व्हिटकमचेही नाव होते. ज्या शहराने या मुलांना उत्तरेला जाताना पाहिले, त्याने त्यांना आपले म्हणायला इतकी वर्षे घेतली.

२०/ मित्रहो, ‘हौशी खेळाचे पावित्र्य’ हा शब्दप्रयोग ऐकायला गोड वाटतो. पण कोणताही नियम वाचताना एक प्रश्न विचारावा : तो पाळण्याची किंमत कोण मोजते? लंडनच्या सभागृहात ज्यांनी हात वर केले, त्यांचा एका दिवसाचाही खाडा होणार नव्हता. किंमत मोजली ती व्हिटकमसारख्यांनी, घर सोडून. आणि तिकडे जाऊन त्यांनी केले तेच काम, जे त्यांचे वाडवडील गोदीत आणि खाणीत करत आले होते : भार अंगावर घेणे. १९४८ च्या त्या दुपारी निदान एकदा, राजासमोर, त्या कामाची नोंद झाली.

धागा समाप्त.