क्लाउड डेटाबेसचं व्हर्जन अपग्रेड: आधी प्लॅन, मग बटण

फोनला अपडेट आलं की आपण तो चार्जिंगला लावतो, बटण दाबतो आणि झोपतो. ॲपच्या मागे चालणाऱ्या डेटाबेसचं तसं नसतं. तिथे मोठं अपग्रेड एकदा झालं की त्याच डेटाबेसवर जुनं व्हर्जन परत आणता येत नाही. मग प्लॅन कसा करायचा? एक उदाहरण घेऊया.

समजा, बोईसरजवळच्या पाम गावातल्या दोन मित्रांनी तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांसाठी डबा ऑर्डर करायचं ॲप बनवलं. ग्राहकांची नावं, ऑर्डर, महिन्याचा हिशेब असे एकमेकांशी जोडलेले तक्ते म्हणजे त्यांचा रिलेशनल डेटाबेस. तो ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड सेवेवर, मायएसक्यूएल ५.७ व्हर्जनवर चालतो.

अपग्रेड करावंच का लागतं?

प्रत्येक व्हर्जनला मुदत असते. मायएसक्यूएल ५.७ आलं २०१५ मध्ये आणि त्याचा सपोर्ट संपला ऑक्टोबर २०२३ मध्ये. आरडीएसवर नेहमीचा सपोर्ट २९ फेब्रुवारी २०२४ पर्यंत होता. त्यानंतर जुन्याच व्हर्जनवर राहिलात तर जादा सपोर्टचं वेगळं बिल लागतं. पोस्टग्रेएसक्यूएलचं मेजर व्हर्जन दरवर्षी येतं आणि प्रत्येकाला साधारण ५ वर्षं सपोर्ट मिळतो. म्हणजे तारीख आधीच माहीत असते. ती कॅलेंडरमध्ये टाका.

मायनर आणि मेजर

८.०.३५ वरून ८.०.३९ हे मायनर अपग्रेड, त्यात मुख्यतः दुरुस्त्या असतात. ५.७ वरून ८.० हे मेजर, त्यात वागणूकच बदलते. ५.७ वरून थेट ८.४ वर उडी मारता येत नाही, मध्ये ८.० चा थांबा घ्यावा लागतो.

कॉपीवर ट्रायल घ्या

स्नॅपशॉट घ्या, त्यातून वेगळा डेटाबेस उभा करा आणि अपग्रेड आधी त्याच्यावर करा. किती वेळ लागला ते लिहून ठेवा. मग ॲप त्याला जोडून हे तपासा:

- क्रम: ५.७ मध्ये ग्रुप बाय वापरलं की यादी आपोआप क्रमाने यायची. ८.० मध्ये तसं होत नाही. क्रम हवा असेल तर ऑर्डर बाय स्पष्ट लिहावं लागतं.
- राखीव शब्द: ‘रँक’ हा ८.० मध्ये राखीव शब्द झाला. या नावाचा कॉलम असेल तर जुनी क्वेरी एरर देऊ शकते.
- मराठी अक्षरं: देवनागरी अक्षराला यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट लागतात, इमोजीला बहुतेक वेळा ४. ८.० मध्ये नव्या डेटाबेससाठी ४ बाइटवालं यूटीएफ८एमबी४ हे डिफॉल्ट आहे, पण जुने तक्ते आपोआप बदलत नाहीत. ते बदलणार असाल तर मराठी नावं आणि पत्ते डोळ्यांनी वाचून बघा. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर डबा कुणाच्या दारात द्यायचा?

पोस्टग्रेएसक्यूएल असेल तर मेजर अपग्रेडनंतर ॲनालाइझ कमांड चालवायला विसरू नका, नाहीतर क्वेरी एकदम मंद वाटू शकतात.

वेळ कोणती निवडायची?

‘रात्री सगळे झोपलेले असतात’ हे बोईसरमध्ये चालत नाही. इथे अनेक कारखान्यांत तिसरी पाळीही असते. आपल्याच ॲपचे दोन-तीन आठवड्यांचे आकडे काढा आणि सगळ्यात कमी ऑर्डर कधी येतात ते बघा.

आरडीएसची मेंटेनन्सची वेळ यूटीसीमध्ये असते, आपण साडेपाच तास पुढे. रविवारी पहाटे २ वाजता काम हवं असेल तर तिथे शनिवार २०:३० भरायचं. इथे वारसुद्धा बदलतो, हे लक्षात ठेवा!

आणखी एक गैरसमज: मल्टी-एझेड घेतलं म्हणजे ॲप बंद पडणार नाही. या सोयीत दुसऱ्या ठिकाणी जोड डेटाबेस तयार असतो, पण मेजर अपग्रेडमध्ये नेहमीच्या मल्टी-एझेडचे दोन्ही डेटाबेस एकत्रच अपग्रेड होतात. तेवढा वेळ ॲप थांबतंच.

परतीचा रस्ता

दोन पर्याय आहेत:

1. स्नॅपशॉट: त्यातून जुन्या व्हर्जनचा नवा डेटाबेस उभा राहतो, पण त्याचा पत्ता वेगळा असतो आणि स्नॅपशॉटनंतरच्या ऑर्डर त्यात नसतात.
2. ब्लू-ग्रीन: चालू डेटाबेस ब्लू, त्याची अपग्रेड केलेली जुळी कॉपी ग्रीन. ग्रीनमध्ये नवी माहिती येत राहते आणि तपासून झालं की अदलाबदल करायची. याला सहसा मिनिटभरही लागत नाही. पण अदलाबदलीनंतरच्या ऑर्डर जुन्या ब्लूमध्ये आपोआप जात नाहीत. शिवाय तेवढे दिवस दोन्हींचं बिल येतं.

दोन्हींत धोका एकच: परत फिरायला जितका उशीर, तितक्या जास्त ऑर्डर हातच्या जाणार. म्हणून मर्यादा आधीच ठरवा. उदाहरणार्थ, ‘३:३० पर्यंत तपासणी पास झाली नाही तर मागे फिरायचं.’ पहाटे झोपेच्या तारेत हा निर्णय नीट होत नाही.

त्या रात्रीची यादी

1. ग्राहकांना दोन दिवस आधी मेसेज.
2. ॲपवर ‘काम चालू आहे’ची पाटी लावून नव्या ऑर्डर बंद.
3. ताजा स्नॅपशॉट, आणि तो पूर्ण झाल्याची खात्री.
4. अपग्रेड.
5. मोबाईलवरून एक खरी ऑर्डर, एक हिशेब, एक मराठी नाव तपासणं.
6. सगळं ठीक असेल तरच पाटी काढणं.

ही यादी एकाने वाचायची, दुसऱ्याने करायची. सकाळच्या पाळीच्या माणसाला रात्री काय झालं ते कळलंच नाही आणि डबा वेळेवर पोचला, तर अपग्रेड जमलं म्हणायचं.